तेलाशय खडकाचा दर्जा कसा ठरवावा : नमुन्यापासून प्रतवारीपर्यंत

मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्रतळाखाली, १९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हाय क्षेत्रातील तेलाचा मोठा भाग मायोसीन काळातील चुनखडकात साठलेला आहे. राजस्थानातील बाडमेर जिल्ह्यात २००४ मध्ये सापडलेल्या मंगला क्षेत्राचे तेल मात्र फतेहगढ वालुकाश्मात आहे. दोन्ही खडक गाळाचे आणि दोन्ही तेलाने भरलेले. तरीही एकाचा दर्जा ज्या पद्धतीने ठरवला, तीच पद्धत जशीच्या तशी दुसऱ्याला लावली तर निष्कर्ष चुकतो. भूविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना आणि तेलक्षेत्रावर नव्याने रुजू होणाऱ्यांना हे मूल्यमापन क्रमाने कसे करावे आणि त्यात चुका नेमक्या कुठे शिरतात, हे समजावे यासाठी हा लेख आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला मूळ मुद्दा घाटातल्या काळ्या पाषाणावरून पटकन समजेल. आपल्या बेसाल्टच्या काही थरांत वायूच्या बुडबुड्यांमुळे भरपूर पोकळ्या असतात, पण त्या एकमेकींना जोडलेल्या नसल्या तर त्या दगडातून विहिरीला पाणी येत नाही. पाणी येते ते सांध्यांतून, भेगांतून आणि झिजलेल्या मुरमातून. तेलाशयाचे, म्हणजे तेल साठवणाऱ्या खडकाचेही असेच आहे. खडकात किती जागा रिकामी आहे याला सच्छिद्रता म्हणतात, आणि त्या जागेतून द्रव किती सहज वाहतो याला पार्यता म्हणतात. माझ्या मते दर्जाचा खरा निवाडा या दोहोंच्या मधल्या गोष्टीवर होतो, ती म्हणजे एका छिद्रातून दुसऱ्या छिद्रात जाणाऱ्या अरुंद वाटेची, म्हणजे गळ्याची, रुंदी. पुढची प्रत्येक पायरी या गळ्यापर्यंत पोहोचण्यासाठीच आहे.

पहिली पायरी : आकडे घेण्याआधी खडक ओळखणे

गाभा, म्हणजे विहिरीतून काढलेला खडकाचा सलग दंडगोल, हाती आला की लगेच यंत्राकडे धावू नये. तो लांबीने चिरून, धुऊन, खोलीच्या क्रमाने मांडावा आणि भिंगाखाली वाचावा. वालुकाश्म असेल तर कणांचा आकार, त्यांचा एकसारखेपणा, गोलाई, मधला चिकणमातीचा अंश आणि कणांना सांधणारे द्रव्य यांची नोंद करावी. एकसारख्या गोलांची रचना घनाकृती असेल तर मोकळी जागा ४७.६ टक्के निघते आणि सर्वांत घट्ट रचनेत ती सुमारे २६ टक्क्यांवर येते. गोलांचा आकार मोठा की लहान याने या टक्केवारीत काहीच फरक पडत नाही. पार्यता मात्र कण बारीक होत गेला की झपाट्याने घसरते, कारण गळे अरुंद होतात. म्हणून बारीक कणांच्या खडकात सच्छिद्रता उत्तम आणि प्रवाह क्षीण, असे चित्र दिसले तर त्यात नवल नाही.

चुनखडकासाठी डनहॅम यांनी १९६२ मध्ये मांडलेले वर्गीकरण आजही सर्वांत सोयीचे आहे. त्यात पहिला प्रश्न असा की खडकाला आधार कणांचा आहे की चुनखडी चिखलाचा. मडस्टोन आणि वॅकस्टोन चिखलाच्या आधारावर उभे असतात, तर पॅकस्टोन आणि ग्रेनस्टोन कणांच्या आधारावर. मात्र चुनखडकात निक्षेपणानंतरच्या घडामोडी इतक्या प्रबळ असतात की मूळचा चांगला ग्रेनस्टोन कॅल्साइटने बुजून निरुपयोगी होऊ शकतो, आणि मूळचा साधा खडक विरघळून किंवा डोलोमाइटमध्ये रूपांतरित होऊन उत्तम तेलाशय बनू शकतो. त्यामुळे पोकळ्या कणांच्या मधल्या आहेत, कणांच्या आतल्या आहेत, की शिंपले विरघळून उरलेल्या रिकाम्या साच्यांच्या आहेत, हे पातळ छेदात, म्हणजे प्रकाश आरपार जाईल इतक्या पातळ चकतीत, निळी राळ भरून पाहणे अटळ आहे. सुट्या, एकमेकींना न जोडलेल्या विवरांमुळे सच्छिद्रतेचा आकडा फुगतो, पण प्रवाहाला त्यांचा जवळजवळ उपयोग होत नाही. ही नोंद इथेच नीट केली नाही, तर तिची किंमत चौथ्या पायरीवर मोजावी लागते.

वालुकाश्मात चिकणखनिजांचा प्रकार ओळखणे तितकेच महत्त्वाचे आहे, आणि हे काम एक्स-किरण विवर्तन व इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यांनी होते. खनिजाच्या एकूण टक्केवारीपेक्षा ते छिद्रात कसे बसले आहे, हे अधिक निर्णायक ठरते. केओलिनाइट छिद्रात चकत्यांच्या गठ्ठ्यांनी बसते आणि प्रवाहाच्या वेगाने सुटून गळ्यांत अडकू शकते. इलाइटचे केसासारखे तंतू छिद्राच्या आरपार जाळी विणतात, त्यामुळे सच्छिद्रता फारशी न घटता पार्यता कोसळते. स्मेक्टाइट गोड्या पाण्याने फुगते. क्लोराइटचा पातळ थर मात्र वाळूच्या कणांभोवती सलग बसला असेल तर क्वार्ट्झची पुढची वाढ रोखून खोलवरही सच्छिद्रता जपतो. एकाच टक्केवारीच्या चिकणमातीने एका खडकाचे नुकसान व्हावे आणि दुसऱ्याचे रक्षण व्हावे, हे मला या विषयातले सर्वांत शिकण्यासारखे प्रकरण वाटते.

दुसरी पायरी : नमुना घेणे आणि सच्छिद्रता मोजणे

गाभ्यातून साधारणपणे १ किंवा १.५ इंच व्यासाचे प्लग, म्हणजे छोटे दंडगोल, काढले जातात आणि दर फुटाला एक प्लग हा रूढ क्रम आहे. क्रम ठरला की तो पाळावा. भुसभुशीत वाळूत प्लग मोडतात, म्हणून काढणारा नकळत कठीण आणि चांगल्या सांधलेल्या जागा निवडतो. परिणामी उत्तम वाळूचीच नोंद गळते आणि संपूर्ण थर प्रत्यक्षापेक्षा वाईट दिसतो. चुनखडकातही चांगला भाग असाच निसटतो, कारण मोठी विवरे आणि भेगा छोट्या प्लगमध्ये मावतच नाहीत. अशा ठिकाणी पूर्ण व्यासाच्या गाभ्याचे मापन करावे. थरांना समांतर घेतलेल्या प्लगांबरोबर काही उभे प्लगही घ्यावेत, कारण उभी पार्यता बहुधा आडवीपेक्षा कमी असते आणि पाणी किंवा वायू तेलात शिरण्याचा वेग तिच्यावर अवलंबून असतो.

प्लगमधले तेल आणि मीठ टोल्युइन, मिथेनॉल यांसारख्या द्रावकांनी काढून नमुना वाळवतात. इलाइट असल्याची शंका असेल तर साध्या भट्टीत वाळवू नये. तंतू आकसून छिद्राच्या भिंतीला चिकटतात आणि पार्यता खोटी वाढलेली दिसते. आर्द्रता नियंत्रित भट्टी वापरावी. त्यानंतर हेलियम वायू आणि बॉइलच्या नियमावर चालणाऱ्या यंत्राने कणांचे आकारमान काढले जाते आणि त्यावरून सच्छिद्रता मिळते. वालुकाश्मासाठी रूढ असलेली ढोबळ प्रतवारी अशी आहे : ५ टक्क्यांखाली नगण्य, ५ ते १० निकृष्ट, १० ते १५ साधारण, १५ ते २० चांगली आणि २० च्या वर उत्तम. ही प्रतवारी पहिल्या चाळणीपुरतीच धरावी. केवळ तिच्यावर विसंबून खडकाला अंतिम श्रेणी देणाऱ्या अहवालावर मी विश्वास ठेवणार नाही. त्याचे कारण पाचव्या पायरीतील आकड्यांत आहे.

तिसरी पायरी : पार्यता

पार्यतेचे एकक फ्रेंच अभियंता हेन्री डार्सी यांच्या नावाने ओळखले जाते. दिजों शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी वाळूच्या गाळण्यांवर त्यांनी केलेले प्रयोग १८५६ मध्ये प्रसिद्ध झाले. व्यवहारात डार्सीचा हजारावा भाग, म्हणजे मिलिडार्सी, वापरला जातो. १ ते १० मिलिडार्सी साधारण, १० ते १०० चांगली आणि १०० ते १,००० उत्तम, अशी जुनी विभागणी आहे. परंतु हे शब्द द्रवाच्या संदर्भाशिवाय अपुरे आहेत. वायू पातळ असल्यामुळे १ मिलिडार्सीहून कमी पार्यतेच्या खडकातूनही तो व्यापारी प्रमाणात मिळू शकतो, तर मंगलासारख्या मेणचट तेलासाठी अनेक डार्सींची पार्यता हे मोठे वरदान ठरते. म्हणून अहवालात 'चांगला खडक' असे न लिहिता 'अमुक द्रवासाठी चांगला खडक' असे लिहावे.

प्रयोगशाळेत पार्यता बहुधा वायूने मोजतात, आणि कमी दाबाचा वायू खडकाच्या भिंतींवरून घसरत असल्यामुळे ती द्रवाच्या पार्यतेपेक्षा जास्त येते. क्लिंकेनबर्ग यांनी १९४१ मध्ये दाखवलेली ही दुरुस्ती घट्ट खडकात फार मोठी असते आणि मोकळ्या खडकात नगण्य. दुसरी दुरुस्ती दाबाची आहे. हजारो फूट खडकाच्या भाराखालून वर आलेला नमुना सैलावतो आणि सूक्ष्म भेगा उघडतात, म्हणून मापन तेलाशयाइतक्या दाबाखाली करावे किंवा निदान काही नमुन्यांवर तशी तुलना करून सर्व आकडे सुधारावेत.

सरासरी काढतानाही विचार हवा. समजा समान जाडीचे तीन थर आहेत, दोन १,००० मिलिडार्सीचे आणि एक १ मिलिडार्सीचा. थरांना समांतर प्रवाहासाठी अंकगणितीय सरासरी लागू पडते आणि ती सुमारे ६६७ येते. थरांच्या आरपार जाणाऱ्या प्रवाहासाठी हरात्मक सरासरी घ्यावी लागते आणि ती जेमतेम ३ येते. मुंबई हायच्या चुनखडकासारख्या, शेलच्या (घट्ट चिकणमाती-खडकाच्या) पातळ पट्ट्यांनी विभागलेल्या तेलाशयात हा फरक केवळ गणिती राहत नाही. कोणता थर विहिरीच्या नळीला पाडलेल्या कोणत्या छिद्रांतून रिकामा होणार, हे त्यावर ठरते.

चौथी पायरी : छिद्रांत तेल किती, पाणी किती

विहिरीतल्या लॉगवरून, म्हणजे विहिरीत उपकरण सोडून खोलीनुसार घेतलेल्या नोंदींवरून, पाण्याची संपृक्तता (छिद्रांतल्या जागेत पाण्याचा वाटा) काढण्यासाठी आर्ची यांचे १९४२ चे सूत्र वापरले जाते. शब्दांत सांगायचे तर पाण्याची विद्युत्‌रोधकता, भागिले सच्छिद्रतेचा ठरावीक घात आणि खडकाची मोजलेली रोधकता यांचा गुणाकार. या भागाकाराचे वर्गमूळ घेतले की संपृक्तता मिळते. सच्छिद्रतेचा घात साधारणपणे २ धरतात. सच्छिद्रता २० टक्के, पाण्याची रोधकता ०.०५ आणि खडकाची २० ओम-मीटर असेल तर पाणी २५ टक्के येते, म्हणजे ७५ टक्के जागा तेलाची. आता हाच खडक सुट्या विवरांचा चुनखडक आहे आणि त्याचा घात खरे तर ३ आहे, असे धरा. तेच आकडे वापरून पाणी ५६ टक्के येते. पहिल्या पायरीवर पातळ छेदात विवरे सुटी असल्याचे ज्याने पाहिले नाही, त्याला हा फरक संगणकाच्या पडद्यावर कधीही दिसणार नाही. चिकणमाती जास्त असलेल्या वाळूत उलट अडचण येते. चिकणमाती स्वतः वीज वाहून नेते, रोधकता घटते आणि तेलाचा थर पाण्याचा वाटतो. तिथे आर्चीचे साधे सूत्र न वापरता चिकणमातीची दुरुस्ती असलेली सूत्रे घ्यावीत.

पाचवी पायरी : गळ्याची रुंदी आणि खरी प्रतवारी

गळे थेट मोजण्याचा मार्ग म्हणजे नमुन्यात दाबाने पारा घुसवणे. पारा खडकाला ओला करत नाही, म्हणून जितका गळा अरुंद तितका जास्त दाब लागतो. हवा आणि पारा यांच्या जोडीसाठी १०७ या आकड्याला पौंड प्रति चौरस इंचातील दाबाने भागले की गळ्याची त्रिज्या ढोबळमानाने मायक्रोमीटरमध्ये मिळते; १०० पौंडांच्या दाबाला जो गळा उघडतो तो सुमारे १ मायक्रोमीटरचा. दाब आणि आत शिरलेला पारा यांच्या आलेखाचा सपाट भाग लांब असेल तर गळे एकसारखे आहेत, आणि आलेख सुरुवातीपासून चढता असेल तर ते विस्कळीत आहेत.

पारा घुसवलेला नमुना पुन्हा वापरता येत नाही आणि प्रत्येक प्लगवर हा प्रयोग परवडत नाही. म्हणून सच्छिद्रता आणि पार्यतेवरून गळ्याचा अंदाज घेणारी दोन साधने प्रचारात आली. पहिले विनलँड यांचे समीकरण, जे ३५ टक्के पारा भरला असतानाच्या गळ्याची त्रिज्या देते : त्रिज्येचा लॉगॅरिदम बरोबर ०.७३२, अधिक ०.५८८ गुणिले पार्यतेचा लॉगॅरिदम, उणे ०.८६४ गुणिले टक्क्यांतील सच्छिद्रतेचा लॉगॅरिदम. १० मायक्रोमीटरच्या वर अतिविशाल, साधारण २ ते १० विशाल, ०.५ ते २ मध्यम, ०.१ ते ०.५ सूक्ष्म आणि त्याखाली अतिसूक्ष्म, असे गळ्यांचे वर्ग पडतात. दुसरे साधन म्हणजे १९९३ मध्ये आमेफुले आणि सहकाऱ्यांनी मांडलेली प्रवाह-एककांची पद्धत. तिचा पाया कोझेनी आणि कार्मन यांच्या जुन्या समीकरणात आहे. तीत पार्यतेला सच्छिद्रतेने (येथे दशांशात) भागून त्याच्या वर्गमूळाला ०.०३१४ ने गुणले की तेलाशय दर्जा निर्देशांक मिळतो. छिद्रांच्या आकारमानाला कणांच्या आकारमानाने भागून मिळणाऱ्या गुणोत्तराने या निर्देशांकाला भागले की प्रवाह-विभाग निर्देशांक मिळतो.

तीन नमुने घेऊन हे करून पाहू. पहिल्याची सच्छिद्रता २० टक्के आणि पार्यता २०० मिलिडार्सी आहे, दुसऱ्याची सच्छिद्रता तितकीच पण पार्यता २, आणि तिसऱ्याची सच्छिद्रता केवळ १२ टक्के पण पार्यता ५० आहे. पहिल्याचा दर्जा निर्देशांक ०.९९ मायक्रोमीटर, दुसऱ्याचा ०.१० आणि तिसऱ्याचा ०.६४ येतो. प्रवाह-विभाग निर्देशांक अनुक्रमे ३.९७, ०.४० आणि ४.७० येतो, तर विनलँडनुसार गळे सुमारे ९.१, ०.६ आणि ६.३ मायक्रोमीटरचे निघतात. सच्छिद्रतेच्या प्रतवारीने पहिले दोन नमुने एकाच वरच्या श्रेणीत बसले असते आणि तिसरा खालच्या. प्रत्यक्षात पहिला आणि तिसरा एकाच जातीचे आहेत. बहुधा तीच वाळू, पण तिसऱ्यात सांधणाऱ्या द्रव्याने काही जागा भरलेली. दुसरा मात्र वेगळ्याच जातीचा, बारीक कणांचा किंवा चिकणमातीने गळे बुजलेला.

सर्व प्लगांचे प्रवाह-विभाग निर्देशांक काढून त्यांच्या लॉगॅरिदमांचा आलेख काढला की समूह वेगळे दिसू लागतात, आणि प्रत्येक समूह म्हणजे एक खडक-प्रकार. समूहांची संख्या आलेखावरून ठरवू नये, पातळ छेदांवरून तपासावी. ज्या समूहाला भूवैज्ञानिक अर्थ लावता येत नाही, तो समूह बहुधा मापनातल्या गोंधळातून जन्मलेला असतो. तीन ते सहा प्रकारांत काम भागत नसेल तर पुन्हा गाभ्याकडे जावे, असा माझा आग्रह राहील.

सहावी पायरी : गाभा नाही तिथे काय

गाभा थोड्याच विहिरींत काढला जातो. बाकीच्या विहिरींत लॉगवर भिस्त असते. गॅमा किरणांवरून शेलचे प्रमाण आणि घनता व न्यूट्रॉन लॉगवरून सच्छिद्रता मिळते. घनता लॉगमध्ये खडकाच्या मूळ खनिजाची घनता गृहीत धरावी लागते : क्वार्ट्झसाठी २.६५, कॅल्साइटसाठी २.७१, डोलोमाइटसाठी २.८७. लॉगवर २.३२ वाचले आणि छिद्रांत १.० घनतेचा द्रव धरला, तर वालुकाश्म मानल्यास सच्छिद्रता २० टक्के येते आणि चुनखडक मानल्यास सुमारे २३ टक्के. म्हणून प्रथम गाभ्याची आणि लॉगची खोली एकमेकींशी जुळवून घ्यावी, कारण दोघांत काही फुटांचा फरक नेहमीच पडतो, आणि मग गाभ्यातले खडक-प्रकार लॉगच्या प्रतिसादाशी जोडावेत. चुंबकीय अनुनाद लॉग उपलब्ध असेल तर छिद्रांच्या आकाराची कल्पनाही येते. मात्र वाहते आणि बांधलेले पाणी वेगळे करणारी, चुंबकीय संकेत विझण्याच्या वेळेची ३३ मिलिसेकंदांची रूढ सीमा वालुकाश्माची आहे; चुनखडकात ती ९० च्या पुढे जाते.

सातवी पायरी : तोडमर्यादा आणि विषमता

कोणता थर हिशेबात धरायचा आणि कोणता सोडायचा, यासाठी सच्छिद्रता, शेल आणि पाणी यांच्या मर्यादा ठरवल्या जातात. शेजारच्या क्षेत्राच्या मर्यादा उचलून लावण्याची सवय घातक आहे. आधी आपल्या द्रवासाठी किमान उपयुक्त पार्यता ठरवावी, मग प्रत्येक खडक-प्रकारात ती कोणत्या सच्छिद्रतेला मिळते ते पाहावे. वरच्या उदाहरणातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या नमुन्याला एकच मर्यादा लावता येणार नाही, हे उघड आहे. विषमतेसाठी डायक्स्ट्रा आणि पार्सन्स यांचा गुणांक काढावा. त्यासाठी पार्यतेच्या मध्य मूल्यातून, ८४.१ टक्के नमुने ज्याच्या वर आहेत ते मूल्य वजा करून, मध्य मूल्यानेच भागायचे. शून्य म्हणजे पूर्ण एकसारखा खडक, आणि १ च्या जवळ म्हणजे इतका विषम की तेल ढकलण्यासाठी सोडलेले पाणी एखाद्याच थरातून पळत सुटेल आणि बाकीचे तेल मागे राहील. त्यामुळे प्रतवारीच्या तक्त्यात सरासरी पार्यतेशेजारी हा गुणांक छापावाच.

आठवी पायरी : विहिरीची साक्ष

शेवटी विहीर चाचणीतून मिळालेली पार्यता आणि जाडी यांचा गुणाकार आपल्या थरनिहाय बेरजेशी ताडून पाहावा. चाचणीचा आकडा कितीतरी मोठा आला तर भेगांचा किंवा प्लगमध्ये न मावलेल्या विवरांचा संशय घ्यावा आणि प्रतिमा लॉग (विहिरीच्या भिंतीचे चित्र देणारा) व पूर्ण व्यासाचा गाभा पुन्हा तपासावा. आकडा लहान आला तर आधी विहिरीजवळच्या खडकाला खोदकामाच्या मडने इजा झाली आहे का ते पाहावे. चाचणीच्या विश्लेषणात ही इजा पार्यतेपासून वेगळी काढता येते. तसे नसेल तर प्लग कुठून निवडले गेले, ते कसे वाळवले आणि कोणत्या दाबाखाली मोजले, या तीन नोंदी त्याच क्रमाने उघडाव्यात, आणि दुरुस्त झालेले खडक-प्रकार पुढच्या विहिरीचे लॉग येण्याआधीच तक्त्यात बदलून ठेवावेत.